शब्दचर्चा : लचक, मुरगळ, उसण आणि एकटी पडलेली ‘शीर’

मूळ मांडणी (लातूर जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट) :

रुग्णांनी घरी करावयाच्या व्यायामांचे दोन पानी पत्रक मराठीत लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीत अडलो. आमच्या शास्त्रात ‘स्प्रेन’ म्हणजे सांध्यातील हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाची इजा आणि ‘स्ट्रेन’ म्हणजे स्नायूची, किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेची इजा. एका सहकाऱ्याने सुचवले की पहिल्याला ‘मुरगळ’ म्हणावे, दुसऱ्याला ‘लचक’ म्हणावे आणि पुढच्या ओळीकडे वळावे. मला ही वाटणी पटली नाही. ती का पटली नाही, हे येथे मांडून जाणकारांचे मत घ्यावे असे वाटते.

‘मुरगळणे’ हे क्रियापद अवयव कसा वळला ते सांगते. कोंबडीची मान मुरगळतात, त्यातला पीळ पायाच्या मुरगळण्यातही आहे. नांगरलेल्या वावरात ढेकळावर पाऊल पडले, तळवा आतल्या बाजूला वळला आणि संध्याकाळपर्यंत घोटा बाहेरच्या अंगाने टम्म सुजला, की पाय मुरगळला. अशा वेळी बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, त्यातही पुढचा, अस्थिबंध ताणला किंवा फाटलेला असतो. एवढ्यापुरते शब्द आणि शरीर जुळले, असे म्हणता येईल. ‘लचकणे’ हा मात्र भाराखाली वाकणाऱ्या वस्तूचा शब्द आहे. फांदी लचकते, बांबू लचकतो, तशी ओझ्याखाली कंबर लचकते आणि पायरी चुकली तर पायही लचकतो. कमरेत दुखावतो तो बहुधा स्नायू आणि पायात दुखावतो तो अस्थिबंध, पण ‘लचक’ दोघांनाही सारख्याच मोकळेपणाने लागू होते. ‘उसण’ या दोघींहून वेगळी. ती भरते, आणि तीही क्षणात. घागर उचलायला वाकलेला माणूस तसाच अर्धा वाकलेला राहतो, कूस बदलताना कळ येते, शिंकायचीही भीती वाटते. उसण कोणत्या भागात भरली याला फारसे महत्त्व नाही, अचानकपणा हाच तिचा अर्थ. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, हा समज आमच्या गावी अजून टिकून आहे. नुसती उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप कमी होते, त्यामुळे पायाळूचे श्रेय कधी बुडत नाही.

या तिन्ही शब्दांमागची वाटणी काय दुखावले यावर नसून कसे दुखावले यावर आहे, आणि तिला अस्थिबंध-स्नायू या भेदाच्या चौकटीत बसवणे म्हणजे वापरातला शब्द मोडून त्याच्या जागी परिभाषा उभी करणे होय. पत्रकात मी ‘घोट्याच्या सांध्याचा बंध दुखावला’ आणि ‘मांडीचा स्नायू दुखावला’ असे सरळ लिहिले. ‘मुका मार’ तेवढा जसाच्या तसा ठेवला, कारण कातडी शाबूत असून आत रक्त साकळल्याची इजा इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला कोणत्याही भाषेत सापडलेला नाही.

माझी खरी अडचण ‘शीर’ या शब्दाशी आहे. पोटरीत गोळा आला की ‘शिरेवर शीर चढली’, कमरेपासून पायात कळ गेली की ‘शीर दबली’, मांडीचा मागचा स्नायू ताठर झाला की ‘शीर आखडली’, टाचेमागची कंडरा दुखते तेव्हा ‘टाचेवरची जाड शीर’, आणि सलाईन लावताना परिचारिकेला सापडत नाही तीही शीरच. स्नायू, मज्जातंतू, कंडरा आणि रक्तवाहिनी हे चौघे एकाच नावाने ओळखले जातात. याचा परिणाम काय होतो, ते एकदा समोरच पाहिले. मांडीचा मागचा स्नायू हळूहळू लांबवण्याचा व्यायाम दाखवताना मी एका वयस्क बाईंना ‘ही शीर ताणायची आहे’ असे त्यांच्याच भाषेत सांगायला गेलो. त्यांनी टॉवेलात अडकवलेला पाय झटकन मागे घेतला आणि विचारले, ‘‘अन् तुटली म्हंजे, बाळा?’’ शीर तुटली की रक्ताची धार लागते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. त्या दिवसापासून मी ‘मांडीचं मांस लांबवायचं’ असे म्हणतो. ते फारसे सुंदर नाही, पण पाय मागे जात नाही.

परभणीहून एक निवृत्त मराठी शिक्षक :

आपले निरीक्षण मार्मिक आहे, परंतु ‘शीर’ या शब्दावर ठपका ठेवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी, की शास्त्राचे शब्दही एका जागी बसून राहिलेले नाहीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील सिरा 700, स्नायू 900, पेशी 500 आणि कंडरा 16 अशी गणना आहे. तेथे ‘स्नायू’ म्हणजे सांधे आणि अवयव बांधून ठेवणारे दोर, म्हणजे आपण आज ज्याला अस्थिबंध म्हणता त्याच्या जवळचा अर्थ, आणि ‘पेशी’ म्हणजे मांस. आजच्या मराठीत स्नायू मांसाच्या जागी आला, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि बंधाला ‘अस्थिबंध’ हे वेगळे नाव द्यावे लागले. शेजारच्या हिंदीत आणि बंगालीत ‘स्नायु’ मज्जातंतूसाठीही चालतो. हिंदीतली पत्रके मराठीत आणणाऱ्यांनी या ठिकाणी फार जपावे. आपल्याकडच्या ‘मज्जातंतू’तील मज्जाही मुळात हाडातला मगज होय. पंडितांचे शब्द इतके फिरले असताना खेड्यातल्या बाईंची ‘शीर’ चार ठिकाणी फिरली, यात तिचा काय दोष?

मूळ लेखक :

सर, दोष नाहीच, आणि स्नायूच्या प्रवासाची आपण दिलेली माहिती मोलाची आहे. ती वाचल्यावर लक्षात आले की मी नामांच्या मागे लागून चूक करीत होतो. अस्थिबंध म्हणा की लिगामेंट म्हणा, त्या नामाने रुग्णाच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याला जोडून येणाऱ्या क्रियापदाने.

‘लिगामेंट फाटलं’ हे घ्या. फाटणे हे कापडाचे क्रियापद आहे आणि फाटलेले कापड शिवल्याशिवाय सांधत नाही. त्यामुळे घोट्याचा बंध थोडासा फाटलेला रुग्णही ‘टाके कधी घालायचे’ असे विचारतो, वास्तविक अशा बहुतेक इजा टाक्यांशिवाय भरून येतात. ‘गादी सरकली’ म्हटले की माणसाला दोन मणक्यांच्या मधून चकती निसटून बाहेर आल्याचे चित्र दिसते आणि तो जन्मभर वाकायला घाबरतो. प्रत्यक्षात ती चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, ती सरकत नाही. तिचा मधला मऊ भाग कडेतून फुगतो किंवा बाहेर येतो, आणि असा बाहेर आलेला भाग पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेते. ‘गॅप पडला’ हा तर उलटा शब्द आहे, कारण चकती झिजून तेथील जागा कमी झालेली असते आणि रुग्ण ती वाढलेली समजतो. एक गृहस्थ तो गॅप दाबून बसवण्यासाठी कंबरपट्टा दिवसेंदिवस अधिक आवळत होते. गुडघ्याचे ‘वंगण संपले’ तेही तसेच. झिजलेल्या सांध्यात झीज कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराची, असते, पाणी उलट वाढलेले असू शकते.

‘आराम’ हा शब्दही तपासावा लागेल. आपल्याकडे, बहुधा निजामी काळातील उर्दूच्या सहवासामुळे, ‘गोळीनं आराम पडला’ म्हणजे बरे वाटले आणि ‘आराम करा’ म्हणजे पडून राहा. बरे वाटणे आणि पडून राहणे यांना एकच शब्द असल्यावर पडून राहिल्यानेच बरे वाटते असे रुग्णाने समजावे, यात नवल नाही. मात्र येथे दोष एकट्या मराठीचा नाही. 1978 साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री लोकप्रिय केली, जगभर दोन पिढ्यांनी ती पाठ केली आणि पुढे मर्किन यांनी स्वतःच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येण्यास उशीर होऊ शकतो. आता सुरुवातीचे एकदोन दिवस जपून, दुखणे बेताचे राहील अशा अंदाजाने लवकर हालचाल सुरू करण्यावर भर आहे. पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर जीव कळवळत असेल, तर मात्र आधी एक्स-रे.

आता मुख्य प्रश्न. भरून येण्याचे तीन टप्पे पत्रकात कोणत्या क्रियापदांनी सांगावेत? पहिल्या टप्प्याला ‘सुजणे’ पुरेसे आहे. पुस्तकांतला ‘दाह’ शब्द मी टाळला, कारण तो वाचून लोक आग होते की नाही ते पाहत बसतात. दुसऱ्या टप्प्यासाठी ‘भरणे’ आहेच. गंमत अशी, की उसणही भरते आणि जखमही भरते, दुखणे येताना जे क्रियापद, तेच बरे होताना. साधारण तीन आठवड्यांपर्यंत नवे तंतू भराभर पडतात, पण ते वेडेवाकडे आणि कच्चे असतात. तिसऱ्या टप्प्यात, जो काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतो, ते तंतू ज्या दिशेने ताण पडेल त्या दिशेने ओळीत येतात आणि त्यांच्या जागी अधिक चिवट तंतू येतात. यासाठी मला ‘मुरणे’ हा शब्द सुचला आहे : आधी भरते, मग मुरते.

बीड जिल्ह्यातून एक आशा कार्यकर्ती :

दादा, ‘मुरणे’ हा शब्द माझ्या मते घात करील. लोणचे मुरायला घातले की बरणीला फडके बांधून ती बाजूला ठेवतात, तिला सारखा हात लावला तर बुरशी येते. तुम्हाला नेमके उलटे सांगायचे आहे. तुम्ही ‘अजून मुरतंय’ म्हणालात, तर आमची माणसे महिनाभर पाय गादीवर ठेवून बसतील. त्याऐवजी ‘रुळणे’ का नको? नवी चप्पल फळीवर ठेवून रुळत नाही, ती घालून चालल्यावर रुळते. नवा गोऱ्हाही औताला आधी रिकामा धरतात, मग हलके काम देतात, तेव्हा कुठे तो रुळतो.

दुसरे असे, की पत्रक आमच्या तालुक्यात वाटणार असाल तर ‘उचल’ हा शब्द काढा. तुम्ही ‘सहा आठवडे उचल बंद ठेवा’ असे लिहिले आहे. येथे उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. तुमचे वाक्य वाचून एका बाईंनी मला विचारले, की कमरेच्या दुखण्याचा आणि उचलीचा काय संबंध. तसा तो आहेच म्हणा, कारण उचल फिटेपर्यंत मोळी डोक्यावरून उतरत नाही. पण तुम्हाला तो अर्थ अभिप्रेत नसावा. ‘ओझे उचलू नका’ असे लिहा, आणि किती किलोपर्यंत चालेल तेही लिहा, कारण अजिबात उचलू नका हे ज्यांना पाळता येते त्यांना मुळात कंबरदुखी कमी असते.

मूळ लेखक :

ताई, ‘उचल’ काढली. ओझ्याचा आकडा सगळ्यांना एकच लावता येणार नाही, म्हणून पत्रकात तेथे मोकळी जागा ठेवली आहे, ती प्रत्येकाला तपासून हाताने भरली जाईल.

‘रुळणे’ मात्र जसेच्या तसे घेतले, कारण त्यात वापर आहे आणि क्रमही आहे. टाचेमागच्या कंडरेचेच पाहा. 1998 साली हाकन आल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरांनी जुनाट दुखण्यासाठी जो व्यायाम प्रसिद्ध केला, त्यात पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची असते, 15 वेळा, अशा तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, 12 आठवडे, आणि जमू लागले की पाठीवर वजन वाढवायचे. यात स्नायू काम करतानाच लांबत असतो. या प्रकारच्या कामाला पुस्तकी प्रतिशब्द शोधण्याचा नाद मी सोडला आहे. डोक्यावरची भरलेली घागर न आदळता खाली ठेवताना दंडावर जो ताण येतो, तोच हा ताण, एवढे सांगितले की बायका लगेच मान हलवतात.

राहिला ‘व्यायाम’. ‘दिवसभर रानात राबतो, आणखी कसला व्यायाम?’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की तो शब्द शीर्षकातून काढून मी पत्रकाला ‘दुखावलेला पाय कामाला कसा लावावा’ असे नाव दिले. घोट्याच्या पानावरचा मजकूर सध्या असा आहे : ‘‘पहिले काही दिवस पाय सुजेल. त्यानंतर बंध भरू लागेल. सूज उतरली म्हणजे बंध भरला असे नाही, आणि भरला म्हणजे रुळला असे नाही. तो रुळण्यासाठी रोज थोडे चाला, भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नसेल तर थोडे अधिक करा.’’ ‘रुळणे’ हा शब्द नांदेड-किनवटकडे याच अर्थाने कळतो का, ते त्या बाजूच्या कोणी सांगितल्यास छपाईपूर्वी बदल करता येईल.