सेकंडहँड गाडी, डीलरचं लोन आणि "फक्त नऊ टक्के". सल्ला हवाय

मुलुंडचा_बाबू
मंडळी जरा घाईत सल्ला हवाय. बायकोचं ऑफिस ऐरोलीला, रोजच्या बस-रिक्षाला दोघंही वैतागलो म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरवलं, एका डीलरकडे २०१९ ची सीएनजी वॅगनआर आवडली, घासाघीस करून ४ लाख ६० हजारावर आणली. ६० हजार मी भरणार, बाकी ४ लाख "आपणच करून देतो साहेब, नऊ टक्के, चार वर्षं, दोन दिवसांत गाडी दारात". हप्ता सांगितला ११,३३३. घरी येऊन मोबाइलवर कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं तर ९,९५४ येतोय. तीनदा टाकून बघितलं. फोन केला तर म्हणे तुमचा कॅल्क्युलेटर होम लोनचा आहे 😐
यात काही अर्थ आहे का? टोकन ५ हजार देऊन बसलोय, सह्या अजून केलेल्या नाहीत.

हिशेबनीस
तुझा कॅल्क्युलेटर बरोबर, आणि गंमत म्हणजे डीलरही खोटं बोलत नाहीये, मेख तिथेच आहे. त्याचे नऊ टक्के फ्लॅट आहेत. ४ लाखांचे वर्षाला ३६ हजार, चार वर्षांचे १ लाख ४४ हजार, ते मुद्दलात मिळवले आणि ४८ ने भागले, आले तुझे ११,३३३. म्हणजे तू दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार पण व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण ४ लाखांवरच. बँका ज्याला रिड्युसिंग म्हणतात, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज, त्या पद्धतीने मांडलं तर हे लोन १६ टक्क्यांच्या आसपास पडतं. हप्त्यात फरक १,३७९ चा, वाटतं किरकोळ, ४८ ने गुणलं की ६६ हजारांच्या वर जातं.
एक वर्ष इमानदारीत हप्ते भरून १ लाख ३६ हजार देशील तेव्हा मुद्दलातून ७७-७८ हजारच गेलेले असतील. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर नंतर स्टेटमेंट बघून चक्कर येते.

वाशीची_मावशी
बाबू, मी यात पोळलेय म्हणून लिहिते. डीलरचं नाव नको, ते दुकानही आता तिथे नाही. मला पण फ्लॅटच होता पण खरा चुना दुसरीकडे लागला. सह्या करताना बारा-पंधरा कागद पुढे सरकवले, निम्मे कोरे, "ताई नंतर भरतो, लाइन आहे बघा बाहेर". लोन जितक्याचं सांगितलं तितकंच लागलं पण त्यातून प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन, डॉक्युमेंट चार्ज आणि एक लोन सुरक्षा पॉलिसी असं सगळं आधीच कापून उरलेली रक्कम डीलरला गेली, आणि तो म्हणतो एवढे कमी आलेत ते तुम्ही रोख द्या. पॉलिसी मी मागितलीच नव्हती. पहिला हप्ता ॲडव्हान्स म्हणून त्याच दिवशी घेतला तो वेगळाच.
दीड वर्षाने भाऊबीजेचे, बोनसचे पैसे जमवून लोन बंद करायला गेले तर शिल्लक मुद्दलावर ५ टक्के फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करण्याचा चार्ज, वर जीएसटी. मी म्हटलं रिझर्व्ह बँकेने हे बंद केलंय ना, तर तो पोरगा हसला. बंद आहे ते फ्लोटिंग रेटवाल्यांचं, म्हणजे ज्यांचा दर मध्ये बदलत राहतो त्यांचं. गाडीची लोनं बहुतेक फिक्स्ड, शेवटपर्यंत एकाच दराची असतात, त्यांना ती सवलत लागू नाही. तेव्हा तो आकडा आधी विचार.

हिशेबनीस
मावशींनी सांगितलेली कापाकापी धरूनच दर बघायचा असतो बरं का. समज ४ लाखांतून १८ हजार कापले आणि हप्ता तोच राहिला तर तो १६ टक्के साडेअठरावर जातो.

कागदी_घोडा
बाबू, केएफएस माग. की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन रिटेल लोन देणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि एनबीएफसीने (बँक नसलेली फायनान्स कंपनी) हा कागद द्यायचाच आहे, तोही तुला समजेल अशा भाषेत, मराठीत माग की. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, व्याज अधिक सगळे चार्ज मिळून वर्षाला किती टक्के ते. खाली हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक. त्यात नसलेला चार्ज नंतर तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि कागद हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, त्यामुळे "ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" वगैरे ऐकून घ्यायचं नाही.
डीलर "ते डिस्बर्समेंटनंतर मेलवर येतं", म्हणजे लोनचे पैसे सुटल्यावर, असं म्हणाला तर समजून जा.

जुना_सेल्समन
मी सहा वर्षं या धंद्यात होतो, शिव्या नका घालू. गाडीवर मार्जिन असतंच पण लोनची फाईल लावली की फायनान्स कंपनीकडून पेआउट, म्हणजे कमिशन येतं, आणि रेट जितका चढा तितकं ते बरं. म्हणून "कॅश देतो, किंमत कमी कर" म्हटलं की आमचा चेहरा पडायचा, लोन म्हटलं की चहा यायचा. गिऱ्हाईक हप्ता विचारतं, दर विचारत नाही, दर विचारला तरी फ्लॅट का रिड्युसिंग हे शंभरात दोघं विचारत असतील. हप्ता जास्त वाटला तर आम्ही वर्षं वाढवायचो, गिऱ्हाईक खूश.
सगळेच लुटारू नसतात हेही सांगतो. ज्याचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडलाय किंवा गाडी बरीच जुनी आहे त्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला आमच्यासारख्यांकडूनच मिळतं आणि महागच मिळतं.

मुलुंडचा_बाबू
बापरे. माझा सिबिल ७७० आहे, म्हणजे मला कारणच नव्हतं. उद्या पगार जमा होतो त्या बँकेत जातो.

कोळीवाडा_एक्सप्रेस
व्याजाच्या नादात आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, विसरू नको. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघ, आधीच्या मालकाचं हायपोथिकेशन, म्हणजे त्याच्या लोनचा बोजा, चढलेलं असेल तर त्याच्या बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया पुढे सरकवायचा नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना तारीख, नंबर सगळं भरलेलं हवं. इन्शुरन्स पण १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला लागतो, क्लेमच्या वेळी लोक रडतात. मुलुंड म्हणजे तुझं आरटीओचं काम वडाळ्याला, एमएच ०३. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, ते सर्टिफिकेट दाखव म्हण, चेहरा बघण्यासारखा होतो 😄

मुलुंडचा_बाबू
अपडेट. बँकेने १३ टक्के सांगितले, रिड्युसिंग. आधी ऐकून उठूनच येणार होतो, नऊ कुठे आणि तेरा कुठे, मग हप्ता विचारला तर १०,७३१. म्हणजे त्या नवापेक्षा हे तेरा महिन्याला ६०२ ने स्वस्त, चार वर्षांत २८-२९ हजार. फक्त गाडीचं व्हॅल्युएशन आणि कागद धरून आठवडा लागेल.
डीलरला सांगितलं तर आवाजच बदलला. आधी बाहेरचं लोन आमच्याकडे चालत नाही, मग चालतं पण किंमत १० हजार वाढेल. केएफएस मागितला तर म्हणे हे काय असतं.

जुना_सेल्समन
वाढवू दे, तरी तुझे १८-१९ हजार वाचतात. पण वाढवणार नाही, महिनाअखेर आहे. दोन दिवस फोन करू नकोस. टोकनच्या पावतीवर लोन आमच्याकडूनच अशी अट लिहिलीय का ते बघ.

मुलुंडचा_बाबू
पावतीवर तसं काही नाही, गाडी नंबर, रक्कम आणि शिक्का एवढंच.

वाशीची_मावशी
छान. आणि तरीही त्याच्याकडेच लोन करून नंतर फसलास तर आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन १४४४८. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

मुलुंडचा_बाबू
तिसऱ्या दिवशी डीलरचाच फोन, ४ लाख ६० लाच देतो, बँकेचं लोन चालेल, पण शनिवारपर्यंत हो-नाही सांगा. आता गाडी कोणाला तरी दाखवायचीय. मुलुंड-भांडुपमध्ये सीएनजी किटमधलं कळणारा कोणी मेकॅनिक आहे का ओळखीत?

कोळीवाडा_एक्सप्रेस
आहे, मेसेज करतो. सीएनजी सिलेंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणारी सुरक्षा चाचणी) तारीख आधी बघून ठेव.