क्यू-प्लेट: वलय मिळतंय, पण मधला ठिपका जात नाही, पावसाळ्यातल्या सेलमध्ये रेषाही दिसतात

वागळे_बेंच
ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या छोट्या लॅबमध्ये पिळदार प्रकाशासाठी (ज्याचा तरंग स्क्रूसारखा वळत पुढे जातो) क्यू-प्लेट बनवतोय, म्हणजे मध्याभोवती लिक्विड क्रिस्टलच्या रेणूंची दिशा फिरत जाते अशी प्लेट. क्यू = १ (मध्याभोवतीच्या एका फेरीत रेणूंची दिशा एकदा फिरते), म्हणजे ६३३ नॅनोमीटरच्या वर्तुळाकार ध्रुवित किरणाला एल = २ चा पीळ (एल म्हणजे पिळाचे वेढे) बसायला हवा. आयटीओ (पारदर्शक वाहक थराची) काच, ६ मायक्रॉनचा सेल, लिक्विड क्रिस्टल ई७. अलाइनमेंटला (रेणूंना दिशा द्यायला) ब्रिलियंट यलो हा रंग: डीएमएफ या द्रावकात वजनाने १.५ टक्के, स्पिन कोट, ९० अंशांवर अर्धा तास. मग ४५० नॅनोमीटरचा लेझर, पाचरीच्या आकाराची फट, पोलरायझर स्थिर आणि सेल फिरता. सेलला १ किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग देतो.
अडचणी: वलयाच्या मधोमध ठळक लाल ठिपका, वलय चार जागी जास्त उजळ, आणि जूनपासूनच्या सेलमध्ये क्रॉस (एकमेकांना काटकोनातल्या) पोलरायझरखाली बारीक रेषा. एसएलएम (संगणकाने प्रकाशाचा तरंग घडवणारा पडदा) परवडणारा नाही. सुरुवात कुठून करू?

ऐरोली_ऑप्टिक्स
तीन दोष, तीन कारणं. त्यांची गल्लत करू नका.

ठिपका म्हणजे पीळ न बसलेला प्रकाश. पीळ बसण्याचं प्रमाण साइन वर्ग (डेल्टा भागिले दोन); डेल्टा म्हणजे रिटार्डन्स, दोन ध्रुवणांमध्ये पडणारा कलेचा फरक. त्यामुळे रिटार्डन्स बरोबर अर्ध्या तरंगाचा हवा. ई७ चं द्विअपवर्तन (दोन ध्रुवणांच्या अपवर्तनांकांतला फरक) साधारण ०.२२ धरलं तर तुमच्या सेलमध्ये शून्य व्होल्टला दोन तरंगांहून थोडं जास्त होतं. व्होल्टेज वाढवत गेलात की आधी दीड तरंग, मग एक (इथे ठिपका सर्वात तेजस्वी, वलय गायब), मग अर्धा. दीडवरही ठिपका जातो, पण तिथे चढ तीव्र असतो आणि खोलीचं तापमान थोडं हललं तरी जुळवणी बिघडते. अर्ध्यावरच थांबा. क्यू-प्लेटनंतर क्वार्टर वेव्ह प्लेट (सरळ आणि वर्तुळाकार ध्रुवण एकमेकांत बदलणारी) आणि पोलरायझर असे लावा की मूळ दिशेचंच वर्तुळाकार ध्रुवण पार जाईल, आणि ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी पॉवर मीटरवर किमान शोधा. नुसत्या डोळ्यांनी हे जमत नाही.

चार उजळ जागा हा प्लेटचा दोष नाही. आत येणारं ध्रुवण लंबवर्तुळाकार आहे, म्हणून एल = +२ आणि −२ दोन्ही तयार होतात आणि प्लेटनंतर पोलरायझर असला की त्यांच्या बेरजेत चार पाकळ्या येतात. क्यू-प्लेट काढून तिथे पोलरायझर फिरवा. पॉवर वर-खाली झाली तर तुमची क्वार्टर वेव्ह प्लेट ४५ अंशांवर नाही किंवा ती ६३३ साठीची नाही. वलय एकाच बाजूला जाड असेल तर मात्र किरण प्लेटच्या केंद्रावर नाही. एक्स-वाय माउंट हवाच.

महापे_सेल
रेषांचं बघू. त्या शून्य व्होल्टलाही दिसत असतील तर दमट हवेला धरा. ब्रिलियंट यलोचा थर ओलावा फार लवकर शोषतो, आणि मग निळ्या प्रकाशात त्याचे रेणू नीट वळत नाहीत. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी. आपल्याकडे जुलैत नुसत्या एसीने एवढी खाली येत नाही. अॅक्रिलिकच्या खोक्यात कोरडा नायट्रोजन सोडा, आत हायग्रोमीटर ठेवा, आणि काच हॉट प्लेटवरून थेट त्याच खोक्यात एक्सपोजरला न्या. मधे टेबलावर ठेवलेली काच पुन्हा ओलावा ओढते.

ई७ भरताना सेल ६५ ते ७० अंशांवर असू द्या (ते साधारण ६० च्या आसपास आयसोट्रॉपिक होतं, म्हणजे रेणूंची एक दिशा उरत नाही) आणि मिनिटाला एक-दोन अंशांनी थंड करा. थंड सेलमध्ये भरलंत तर प्रवाहाच्या खुणा राहतात. क्रॉस पोलरायझरखाली चार गडद पट्टे दिसले आणि सेल फिरवल्यावर जागचे हलले नाहीत, तर नक्षी बरोबर उतरली. मधोमध मोठा डाग असेल तर फटीचं टोक फिरण्याच्या अक्षावर नाही. क्यू = १/२ करायची झाल्यास पोलरायझरही सेलच्याच दिशेने, निम्म्या वेगाने फिरवावा लागतो.

वागळे_बेंच
शून्य व्होल्टला ठिपके-ठिपके दिसतात, मोठ्या रेषा मात्र व्होल्टेज दिल्यावरच. आणि जनरेटरवर २ व्होल्ट लावतो तेव्हाच सेल पूर्ण एक तरंगावर आल्यासारखा वागतो. हे इतक्या लवकर कसं?

ऐरोली_ऑप्टिक्स
जनरेटरचा लोड ५० ओहमवर सेट असणार. सेलचा अवरोध खूप मोठा, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज मिळतं. सेटिंग हाय-झेड (मोठा अवरोध) करा. शिवाय चौकोनी तरंगात पीक-टू-पीक (तळापासून शिखरापर्यंतचं व्होल्टेज) हे आरएमएसच्या (परिणामी मूल्याच्या) दुप्पट असतं. वहीत कायम आरएमएस लिहा. डीसी ऑफसेटमुळे आयन एका काचेकडे सरकतात आणि रिटार्डन्स हळूहळू घसरतो. १ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये आणि सेलला समांतर १ मेगाओहम लावा. हे दोन सुटे भाग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतील.

महापे_सेल
व्होल्टेजने उगवणाऱ्या रेषा वेगळ्या. या थरात प्रीटिल्ट (रेणूंचा काचेपासूनचा सुरुवातीचा कल) जवळपास शून्य असतो, त्यामुळे रेणू एका जागी इकडे, शेजारी तिकडे उठतात आणि सीमेवर रेष पडते. थ्रेशोल्डच्या (रेणू उठायला लागतात त्या व्होल्टेजच्या) वर व्होल्टेज धरून ठेवलंत की रेषांची बंद वेटोळी आकसून नाहीशी होतात. म्हणून मोजमापांच्या मधे शून्यावर आणू नका. क्यू = १ मध्ये सगळ्या रेषा जाऊ शकतात. क्यू = १/२ मध्ये केंद्रापासून एक रेष राहणारच, ती टोपोलॉजीची अट आहे.

पीळ खरंच दोनचा आहे का, तेही तपासा. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने २०१३ मध्ये मांडलेली पद्धत सर्वात स्वस्त आहे: साधं बहिर्वक्र भिंग किरणात तिरपं धरायचं आणि फोकसजवळ पडदा मागे-पुढे करायचा. वलय मोडून तीन उजळ पट्टे आणि त्यांच्यामध्ये दोन काळ्या रेघा दिसल्या की एल = २. क्यू-प्लेटच्या आधीची क्वार्टर वेव्ह प्लेट ९० अंशांनी फिरवा. पट्ट्यांचा कल उलटा झाला तर पिळाचं चिन्हही बदललं.