रोव्हर्स चषक पुन्हा सुरू करायचाच असेल, तर कुणासाठी?

कूपरेजची_कड

मुंबईच्या कूपरेज मैदानावरची जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणजे रोव्हर्स. दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी 'रोव्हर्स चषक परत आणा' म्हणतं आणि खाली हळहळणाऱ्यांची रांग लागते. मलाही तो परत हवाय, पण जसा होता तसा नको.

ड्युरँड चषक (देशातली दुसरी जुनी फुटबॉल स्पर्धा) १८८८ चा, रोव्हर्स १८९१ चा. पहिला विजेता कोण, तर वूस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन. पुढे १९३७ पर्यंत एकाही भारतीय संघाच्या हाती तो लागला नाही. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्सनी जिंकला, १९३८ ला पुन्हा त्यांनीच. १९४० ला कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. सर्वाधिक, म्हणजे १४ वेळा, कलकत्त्याचाच मोहन बागान. २०००-०१ ला शेवटची स्पर्धाही त्यांनीच मारली आणि दुकान बंद.

या यादीत महाराष्ट्र शोधून बघा. १९५८ चं कॅल्टेक्स, पुढे मफतलाल, असे मुंबईचे मोजके कंपनी संघ सापडतात. मैदान आपलं, प्रेक्षक आपले आणि चषक बहुतेक वेळा हावड्याच्या गाडीत. म्हणून माझं म्हणणं: रोव्हर्स ही राज्यातल्या हौशी संघांची खुली बाद (हरला तो बाहेर) स्पर्धा करा. आयएसएलवाले (इंडियन सुपर लीगचे व्यावसायिक क्लब) नकोत. कोल्हापूरची तालीम, नागपूरचा क्लब, पुण्याचं कॉलेज, मुंबईची बँक, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात.

जुना_स्टँड

साफ असहमत. कलकत्ता, हैदराबाद आणि गोवा काढल्यावर उरतं काय? फक्त नाव. मग नवीन नाव ठेवा ना!

मुंबईकर कूपरेजला स्वतःचा संघ जिंकेल म्हणून जातच नव्हता. तो चांगला फुटबॉल बघायला जायचा. हैदराबाद पोलिसांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला तो त्यांच्याच हाताखाली. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचा. असे खेळाडू डोळ्यांसमोर बघून इथली पोरं शिकली. 'चषक बाहेर गेला' ही कसली तक्रार? पाहुणे जिंकले म्हणून पंगत वाया जात नाही.

आणि धेंपो विसरलात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गोव्याच्या धेंपोनं रोव्हर्स जिंकलाय. गोवेकरांना परके म्हणणार का?

पेठेतला_भावा

मुंबईची मंडळी चर्चा करत बसा. आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमला हंगाम चालू झाला की पेठेत दुसरा विषय नसतो. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली मॅच असेल तर घरात जेवणाची वेळ बदलत्यात. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस… तालमी कुस्तीच्या, पण आता ओळख फुटबॉलची. आधी केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग, मग एकामागून एक चषक, सगळे नॉकआऊट. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

त्यामुळं धागालेखकाला पाठिंबा. पण 'हौशी' म्हणताना जरा जपून. आमच्यातपण बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणत्यात, नायजेरियन सुद्धा. नियम कोण पाळणार ते आधी सांगा.

मस्टरवरचा_गोली

या 'हौशी' शब्दावरच मला बोलायचं होतं. मी एका बँकेच्या संघात गोलकीपर होतो. सकाळी मस्टरवर सही, दुपारनंतर मैदान, पगार महिन्याच्या महिन्याला. आम्ही कागदावर हौशी. हैदराबादचे पोलीसही पोलीस खात्याच्या पगारावर, मफतलाल-ऑर्केचे खेळाडू गिरणीच्या. त्या काळचा सगळा देशी फुटबॉल नोकरीवर उभा होता. खेळ सुटला तरी नोकरी राहायची, म्हणून आईबापही पोराला मैदानावर जाऊ द्यायचे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा कणाच मोडला, नंतर कंपन्यांनी खेळाडूंची भरती आटपती घेतली. १९९६ ला राष्ट्रीय लीग आली, तेव्हा मोठ्या क्लबांना वर्षातून चार बाद स्पर्धा फिरायला सवड उरली नाही. रोव्हर्स या दोहोंत चिरडला. नुसता चषक पॉलिश करून टेबलावर ठेवला तर संघ कुठून येणार? आधी पोरांना नोकऱ्या द्या.

ऑफसाइड

मला वेगळीच शंका आहे. बाद फेरीचं गणित करा. ३२ संघ घेतले तर एकूण ३१ सामने. त्यातले १६ संघ एकच सामना खेळून घरी. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून संघ आणायचा, लांबचा प्रवास, नव्वद मिनिटं खेळायचं आणि परत. यातून खेळाडू घडतात? लीगमध्ये निदान दहा सामने हमखास मिळतात. बाद स्पर्धा प्रेक्षकाला आवडते, प्रशिक्षकाला नाही.

कूपरेजची_कड

@जुना_स्टँड, तुम्ही पाहिलेला रोव्हर्स मला नाकारायचा नाही. पण आज मोहन बागान-ईस्ट बंगाल बघायला टीव्ही आहे, त्यासाठी कूपरेज कशाला? 'फक्त नाव' म्हणता, तर त्या नावाचा मालक शतकभरात बदलतच आलाय. आधी पलटणींचा चषक, मग कलकत्ता-हैदराबादचा, मग गोव्याचाही. १९२३ मध्ये मोहन बागानला बोलावलं, ते अंतिम फेरीपर्यंत गेले आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरले. तेव्हाही कुणीतरी म्हणालाच असेल, यांचं इथे काय काम.

@मस्टरवरचा_गोली, नोकऱ्यांचं पटलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

@ऑफसाइड, पहिल्या फेऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांत घ्या. मुंबईत फक्त शेवटचे आठ.

जुना_स्टँड

टीव्हीवर बघून बॉल ट्रॅप करायला शिकलेला एक पोरगा दाखवा, मग बोलू. निदान चार निमंत्रित संघ बाहेरचे घ्या. आपल्यातच खेळून आपण किती पाण्यात आहोत ते कळत नाही. आणि कृत्रिम गवत घातलेल्या त्या कूपरेजवर बसायला जागा किती, तेही एकदा बघून या.

ऑफसाइड

जिल्हा फेऱ्या असतील तर माझा निम्मा विरोध मागे. पण पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळी प्लेट स्पर्धा हवीच, म्हणजे प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतील.

पेठेतला_भावा

शेवटचे आठ मुंबईतच का पण? वर्किंग डेला कूपरेजला किती माणूस येतंय ते सांगा. शाहू स्टेडियमला घ्या, आत जागा नाही मिळाली तर लोक आजूबाजूच्या गच्चीवर चढत्यात. फक्त बंदोबस्त जास्त मागवा. हुल्लडबाजी होती, ते खोटं नाही.