लोकलच्या ग्रुपमधल्या एका ताईंचा ताप होतोय. डबा बदलू का?

खिडकीवाली:
डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची फास्ट, लेडीज डबा, सात वर्षं एकच ग्रुप. त्यातल्या एक ताई कल्याणहून बसून येतात आणि ओढणी टाकून आमच्या दोघीतिघींसाठी जागा धरतात. डोंबिवलीला त्या गाडीत नुसतं आत शिरायला मिळालं तरी नवस फेडावा अशी गर्दी असते, म्हणजे उपकार केवढा ते तुम्हीच बघा.

आता तक्रार. दुसऱ्या नोकरीसाठी मुलाखतीला जाणार होते, ते फक्त त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दादर यायच्या आत अख्ख्या डब्याला कळलं. माझ्याच ऑफिसची एक बाई त्या डब्यात असते. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, कौतुकानेच सांगितलं! तू ना फार मनाला लावून घेतेस."

नवरात्रात अष्टमीला सगळ्या काठपदर नेसून आल्या, मी एकटी पंजाबी ड्रेसात. "तुला सांगितलं होतं की गं, तुझं लक्ष कुठे असतं?" रात्री व्हॉट्सॲप पार गणपतीपर्यंत मागे नेऊन बघितलं. मेसेज नव्हताच. तरी अर्धा तास मला वाटत राहिलं की चुकून मीच डिलीट केला असेल. ह्या अर्ध्या तासाचीच मला भीती वाटली.

आणि मध्येच त्या इतक्या छान वागतात! मुलाला डेंग्यू झाला तेव्हा आठवडाभर रोज फोन करायच्या. म्हणून कळत नाही, बाई वाईट आहे की मीच हळवी.

सडेतोड_ठाणेकर:
डबा बदला. विषय संपला.

निवृत्त_काकू:
संपला कसा? ह्यांना वाटतं डबा बदलणं म्हणजे शर्ट बदलणं. अगं बाळा, मी एकतीस वर्षं त्याच लाइनवर काढली. अशी एक प्रत्येक ग्रुपात असतेच. आमची तर हळदीकुंकवाच्या वाणाचाही हिशेब ठेवायची. तिला मी दोन महिने फक्त भाजीचे भाव सांगितले. सासूचं काय झालं विचारलं की "बरं आहे", नवऱ्याचं विचारलं की "बरं आहे", आणि लगेच "गवार केवढ्याला मिळाली हो?" तिसऱ्या महिन्यात तिने दुसरी गाठली. बाहेर न्यायला माझ्याकडून काही मिळेचना, करते काय!

पण तुझी खरी अडचण ती ओढणी आहे. तिच्या जागेवर बसायचं आणि तिच्याशी तुटक वागायचं, हे दोन्ही जमत नाही.

मानसशास्त्र_एमए:
काकू जे सांगतायत त्याला हल्ली 'ग्रे रॉक' म्हणतात, करड्या दगडासारखं नीरस होऊन राहणं. एक विनंती, त्या ताईंना 'नार्सिसिस्ट' (टोकाची आत्मकेंद्री व्यक्ती) वगैरे ठरवू नका. तो शब्द आजकाल भेळेवरच्या शेवेसारखा भुरभुरतात. डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, त्या विकाराची नऊ लक्षणं दिली आहेत, त्यातली किमान पाच लागतात, आणि निदान करणाऱ्याने त्या व्यक्तीला भेटावं लागतं. 'टॉक्सिक' हे तर निदानच नाही. माणूस कसा आहे ते राहू द्या, आपल्याशी काय करतो ते लिहून ठेवा. तारीख, शब्द, कोण समोर होतं. तुम्ही व्हॉट्सॲप मागे नेलंत ना, तेच. "मीच विसरले असेन" असं वाटायला लागलं की ती नोंद वाचायची. आणि मुलाच्या आजारपणातले फोन खरेच असतील. त्याने अष्टमी खोटी ठरत नाही.

कल्याण_पश्चिम:
मी जागा धरणारी आहे. (त्या ताई नव्हे!) पहाटे उठून, बायकांच्या शिव्या खाऊन जागा धरायची आणि वर हेही ऐकायचं. एकदा तोंडावर बोलून तरी बघा.

खिडकीवाली:
ताई, बोलले. तुमचा प्रतिसाद वाचूनच धीर केला. एकटीला गाठून म्हटलं, "मुलाखतीचं सांगायला नको होतं. मला त्रास झाला." त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं आणि ठाणं यायच्या आत चौघींना सांगितलं की मी त्यांना नाही नाही ते बोलले. मुलाखतीचा विषय कुठल्या कुठे, मीच त्यांची माफी मागत होते!

त्या सोमवारपासून मधल्या लेडीज डब्यात चढते. काकू, ओढणीचं तुमचं अगदी बरोबर होतं. ग्रुप सोडला नाही, फक्त म्यूट केलाय. पहिल्या दिवशी मेसेज आला, "जागा ठेवली होती गं, वाया गेली." मी फुलाचा इमोजी टाकला.

पाय दुखतात, खोटं कशाला बोलू. पण घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की कधीकधी टेकायला मिळतं. काल चक्क खिडकी मिळाली. समोर उभ्या कॉलेजच्या मुलीने लगेच विचारलं, "कुठे उतरणार?" म्हटलं, सीएसएमटी. बिचारीचं तोंडच पडलं.