टीन-ड्रामातली हिस्पॅनिक पात्रं: खरेपणा तपासायचा कसा?

घोडबंदर_रोड: बीएएमएमसीच्या (मास कम्युनिकेशनची पदवी) शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, ठाण्यातल्या कॉलेजात पंधरा मिनिटांचं सादरीकरण. ‘रिव्हरडेल’, ‘एलिट’ आणि ‘ऑन माय ब्लॉक’ या टीनएजर्सवरच्या मालिका घेतल्यात. त्यातली हिस्पॅनिक पात्रं मोजून तक्ता करणार होतो, पण गाइड म्हणतात नुसती मोजणी नको. मग तपासू काय?

तलावपाळी: गाइडचं बरोबर आहे. आधी शब्दांचा घोळ मिटवा. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेशी. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, त्यामुळे ब्राझिलियन माणूस लॅटिनो ठरतो, हिस्पॅनिक नाही. ‘रिव्हरडेल’मधली व्हेरॉनिका साकारणारी कमिला मेंडिस ब्राझिलियन वंशाची आहे. पात्र आणि नट यांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

‘एलिट’ काढून टाका. ती स्पेनमध्ये घडते, तिथे स्पॅनिश बोलणारेच बहुसंख्य. उपरी ठरते ती पॅलेस्टिनी घरातली नादिया. ‘एलिट’च्या जागी 2020 ची ‘पार्टी ऑफ फाइव्ह’ घ्या. दहाच भाग आहेत, आणि आईवडिलांची मेक्सिकोला हद्दपारी हाच कथेचा कणा आहे.

वाशी_से_९: प्रत्येक पात्रापुढे पाच गोष्टी लिहा: मूळ देश, अमेरिकेतली कितवी पिढी, घरातली भाषा, अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं, पैसा कुठून येतो. तीन रकाने कोरे राहिले तर ते पात्र नुसतं आडनावापुरतं हिस्पॅनिक.

भाषेसाठी स्टॉपवॉच लावा. स्पॅनिश किती सेकंद, आणि कोण कोणाशी. आजी स्पॅनिशमध्ये विचारते, नात इंग्रजीत उत्तर देते, हे घरोघरचं चित्र. उलट, एक स्पॅनिश शब्द टाकून लगेच तेच इंग्रजीत सांगणं हे प्रेक्षकांसाठी लिहिलेलं वाक्य. देशही ऐकू येतो: मेक्सिकन घरात जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणतात (हो, आपल्यासारखंच), एल साल्वाडोरच्या घरात ‘वोस’. सगळ्यांच्या तोंडी एकच स्पॅनिश म्हणजे दिवाळे गावच्या कोळणीच्या तोंडी सदाशिव पेठ.

हिंदी डबिंगवर बघू नका. इंग्रजी-स्पॅनिश दोन्हींचं हिंदी झालं की मोजायला काही उरत नाही.

घोडबंदर_रोड: भाग किती बघू? आणि किन्सेआन्येरा आली की ठोकळेबाज म्हणून गुण कापायचे का?

कळवा_नाका: प्रत्येक मालिकेचे दोन: पहिला आणि मोसमाच्या मधला. पहिल्यात सगळे जपून लिहितात, खरी सवय मधे दिसते.

किन्सेआन्येरा म्हणजे मुलीचा पंधरावा वाढदिवस. तो दाखवला म्हणून गुण कापू नका. चर्चमधली प्रार्थना, खर्च वाटून घेणारे पाद्रिनोस, सोबतच्या मुलामुलींचा वॉल्ट्झ यांतलं काय दिसतं ते बघा. नुसता फुगीर झगा असेल तर सजावट. ‘ऑन माय ब्लॉक’च्या पहिल्या मोसमाचा शेवट ऑलिव्हियाच्या किन्सेआन्येरातच आहे, आणि तिचे आईवडील हद्दपार झालेले. तिथे समारंभ कथा ओढतो. (ती मालिका मात्र शेवटापर्यंत बघा, पुढचं फोडत नाही.)

मोजणी ठेवायचीच असेल तर तुलना मालिका घडते त्या गावाशी करा. 2020 च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत हिस्पॅनिक 18.7 टक्के, पण हा आकडा सगळीकडे चालत नाही. ‘द ओ.सी.’ घडते त्या ऑरेंज काउंटीत 2000 सालीच ते तीस टक्क्यांवर होते, मालिकेतलं मुख्य कुटुंब-मित्रमंडळ मात्र जवळपास सगळं गोरं. त्यातली तेरेसा डियाझ साकारली नवी रावतने, जिचे वडील भारतीय. तुमच्या ‘नट’ रकान्यात हे उदाहरण पहिलं टाका.