आठवीसाठी कन्या शाळा की मुलामुलींची एकत्र शाळा? मदत हवी आहे

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. गावची जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंतच. लेक आता आठवीत जाईल, दोन शाळा समोर आहेत.

कन्या शाळा तालुक्याला, १८ किलोमीटर. शाळकरी मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस आहे, पास फुकट. पण संध्याकाळची बस चुकली की दुसरी नाही, अन् हिवाळ्यात घरी येईस्तोवर अंधार पडते. एकत्र शाळा ४ किलोमीटरवर. सायकलनं जाईल, गावातल्या तिघी सोबत आहेत.

दोन्हीकडे जाऊन आलो. कन्या शाळेत प्रयोगशाळा चालू आहे, मुलींचं स्वच्छतागृह स्वच्छ. जवळच्या शाळेत गणिताचे सर चांगले, पण मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणीच नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं, "करू" म्हणाले.

घरचे म्हणतात कन्या शाळाच बरी. लेकीला मैत्रिणींसोबत जायचं आहे, अन् तिचं मन मला मोडायचं नाही. वसतिगृहात ठेवणार नाही, खाजगी शाळेची फी झेपत नाही.

तिला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे, तिथं वर्ग एकत्रच असतो. ज्यांच्या मुली कन्या शाळेतून तिकडे गेल्या त्यांनी सांगा : वर्गात उठून प्रश्न विचारायला त्या बुजल्या का, की उलट जास्त धीट निघाल्या?