धोंडू नावात लाजण्यासारखं काय आहे?

फणसगरा: काल इथेच एकाने लिहिलं की धोंडू, दगडू, केरू ही 'अडाणी आईबापांनी केलेली पोरांची चेष्टा'. डोकंच फिरलं. माझ्या पणजीची चार पोरं एकामागोमाग गेली, पाचवा झाला तो सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारणीने उचलला आणि पणजीने पसाभर नाचणी देऊन तिच्याकडून विकत घेतला. नाव धोंडू, म्हणजे सटवीला वाटावं दगडच आहे, नेऊन काय करू. ८९ वर्षं जगले आजोबा! आणि महर्षी कर्वे कोण होते? धोंडो केशव. भारतरत्न. १०४ वर्षं जगले.

माळरान: आले कर्वे. अहो ते धोंडोपंत! आमचा आजा पण धोंडूच, पण मास्तरने दाखल्यावर 'धोंड्या' लिहिलं ते जन्मभर चिकटलं. मनुस्मृती २.३१ वाचा, शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे किळस येईल असं, असावं म्हणून सरळ लिहिलंय. सटवी नंतर.

खवचट_काका: मग कर्व्यांच्या घरी मनुस्मृती उलटी धरून वाचत होते का? सिनेमावाले दादासाहेब फाळके पण धोंडिराजच की.

शुद्धलेखन_पोलीस: धुंडिराज!! काशीचा ढुंढिराज गणपती. दगडाशी काडीचा संबंध नाही.

अनारसा: धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून पण धोंडू ठेवतात. त्यावरून आठवलं, २०२३ च्या अधिकात आमच्या जावयाने ३३ अनारसे मोजून घेतले, वर म्हणे दोन तुटलेत.

माळरान: इथे काय चाललंय आणि हे अनारसे मोजतायत. काका, ऐका. कर्व्यांच्या आईने पण नजरेलाच भिऊन ठेवलं असेल, मान्य. पण नाव तेच असून त्यांना 'पंत' लागतं, पाटलाला 'जी' लागतं, आणि आम्हाला 'या'. हे कोणती सटवी ठरवते?

खवचट_काका: आमच्या वर्गात सगळेच पक्या, दिल्या होते. मी स्वतः सुऱ्या. लगेच जात कशाला आणायची?

माळरान: तुमच्या दाखल्यावर 'सुऱ्या' आहे का?

खवचट_काका: ...नाही.

फणसगरा: बरं बाबा, दाखल्याचं तुझं खरं. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर 'धोंडू'च आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं असं. पण नाव आईने ठेवलं, 'या' मास्तरने लावला. शिव्या मास्तरला घाल, नावाला नको.

माळरान: घालतोच आहे. बापाने चार चकरा मारून सातबाऱ्यावर 'धोंडीबा' करून घेतलं. तोवर आजा जाऊन दोन वर्षं झाली होती.

अनारसा: तुटलेले पण नेले त्याने.